तुमच्यावर कोण अवलंबून आहे?

दर वर्षी जानेवारी उजाडला की माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांमध्ये एक निराळाच वर्ग येऊन बसतो. यांना ताप नसतो, खोकला नसतो. हातात कार्यालयातून आलेली कागदपत्रांची यादी असते. आर्थिक वर्ष संपत आलेले, पगारातून कर कापला जाण्यापूर्वी गुंतवणुकीचे आणि खर्चाचे पुरावे सादर करायचे, आणि त्या यादीत कुठेतरी 'अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र' अशी एक ओळ. "डॉक्टर, तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, म्हणजे झालं," असे म्हणत ही मंडळी खुर्ची पुढे ओढतात. मग मला सांगावे लागते, की माझ्या त्या दोन ओळींना प्राप्तिकर खात्यात काहीही किंमत नाही. तीस वर्षे मी वैद्यकी करते आहे. परंतु हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरला नियमांनी दिलेलाच नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत असेच एक पिता-पुत्र आले होते. (हा प्रसंग त्यांच्या अनुमतीने आणि काही तपशील बदलून लिहीत आहे.) वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेले, माझे रक्तदाबाचे जुने रुग्ण. मी त्यांना काका म्हणते. मुलगा एका खासगी कंपनीत नोकरीला. त्याची धाकटी बहीण छत्तीस वर्षांची. जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेली. दिवसा ती एका कार्यशाळेत जाते, पाकिटे चिकटवते, दिवाळीत पणत्या रंगवते. मुलाने आपली यादी पुढे केली आणि म्हणाला, "बहिणीचं सर्टिफिकेट हवं आहे. ती माझ्यावर अवलंबून आहे, तर टॅक्समध्ये सवलत मिळते म्हणे."

काका ताडकन म्हणाले, "ती तुझ्यावर नाही, माझ्यावर अवलंबून आहे. आणि माझ्या मुलीवर कुणाचा सरकारी शिक्का मारून घ्यायचा नाही मला. एवढी वर्षं नाही मारला."

त्या दिवशी काकांचा रक्तदाब १७० च्या घरात भरला. मी मुलाला बाहेर बसवले. पण त्या दोघांच्या वादातला प्रश्न खरा होता आणि तो अनेक घरांतला आहे, म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० डीडी नुसार, आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाचे औषधोपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन यांवर खर्च करणाऱ्या भारतातील निवासी करदात्याला आपल्या उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ७५,००० रुपये, आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. या रकमा २०१५-१६ या आर्थिक वर्षापासून लागू आहेत. खर्च वीस हजार झाला काय किंवा दोन लाख झाला काय, वजावट तेवढीच. मात्र काहीतरी खर्च खरोखर झालेला असला पाहिजे, आणि त्याच्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवलेल्या बऱ्या. वजावट म्हणजे करात तेवढी सूट नव्हे, हे येथेच सांगते, कारण हा गैरसमज फार आहे. उत्पन्नातून ७५,००० वजा होतात आणि उरलेल्यावर कर लागतो. जो वीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे त्याचे उपकरासह १५,६०० रुपये वाचतात, तीस टक्केवाल्याचे २३,४००.

नातेवाईक कोण? येथे कायद्याची नाती आणि आपल्या घरांतली नाती जुळत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि सख्खी भावंडे, एवढेच. पुतण्या नाही, भाचा नाही, दीर नाही, नणंद नाही, मेहुणा नाही. भाऊ गेल्यावर त्याच्या दिव्यांग मुलाला पोटच्या पोरासारखे सांभाळणारा एक काका माझ्या परिचयाचा आहे. त्याला ही वजावट मिळत नाही. (हिंदू अविभक्त कुटुंबाचे स्वतंत्र विवरणपत्र भरले जात असेल तर त्या कुटुंबाचा कोणताही सदस्य चालतो, पण अशी घरे आता किती?) दुसऱ्या बाजूने, विवाहित बहिणीला भावासाठी ही वजावट घेता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लग्न झाले म्हणून कायद्याने बहिणीचे नाते तोडलेले नाही. तिचा पती मात्र स्वतःच्या विवरणपत्रात मेहुण्यासाठी ती मागू शकत नाही. बहिणीचे स्वतःचे उत्पन्न हवे आणि खर्चही तिचा हवा.

आणि अवलंबून म्हणजे काय? 'संपूर्णतः किंवा मुख्यतः' निर्वाहासाठी त्या करदात्यावर विसंबलेला. एकाच छपराखाली राहिल्याने हे सिद्ध होत नाही आणि दोन भावंडांत वाटूनही घेता येत नाही. काकांच्या घरात मी दोघांनाही वेगवेगळे विचारले. कार्यशाळेचे शुल्क, रिक्षा, फिटची औषधे, दात काढले तो खर्च, कपडे, घरातला किराणा, सारे नऊ वर्षांपासून मुलगा करत होता. काकांचे निवृत्तिवेतन त्यांच्या आणि काकूंच्या औषधांत व गावाकडच्या घराच्या डागडुजीत जात असे. म्हणजे पैशांच्या हिशोबाने ती भावावर अवलंबून होती. मात्र रात्री तीन वाजता फिट आली तर उठणारे काका होते. कर कायद्याला त्या उठण्याचा हिशोब करता येत नाही. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते जरा निवळले.

शिक्क्याबद्दल मात्र मी त्यांना काही ऐकवू शकत नव्हते, कारण तोच गुन्हा माझ्या हातून झालेला आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मतः उशिरा रडला. चालणे, बोलणे, सारेच उशिरा. घरात त्याला सगळे भाऊच म्हणतात. २०११ मध्ये आई गेली आणि तो गावाहून पुण्याला माझ्याकडे राहायला आला. तेव्हापासून त्याचे सारे मीच पाहते. आमचे कर सल्लागार दर वर्षी कागद भरताना विचारत, "मॅडम, तुमच्यावर कोण अवलंबून आहे?" आणि मी दर वर्षी सांगत असे, "कोणी नाही." मुलगी शिकून नोकरीला लागली होती, पती कमावते होते. भाऊ आत बसून दूरदर्शन पाहत असे. सात वर्षे मी हे उत्तर दिले. खोटे बोलते आहे असे मला एकदाही वाटले नाही. भावाच्या नावावर चार पैसे वाचवायचे, ही कल्पना मला ओशाळवाणी वाटत असे, आणि 'सरकारी कागद कशाला, घरचाच तर आहे' हे आईचे वाक्य कानांत होते. आईने ते मायेपोटी म्हटले होते. पण त्याचा परिणाम असा झाला, की माझा भाऊ पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कोणत्याही नोंदीत तो जसा आहे तसा नव्हता. शिधापत्रिकेवर नाव, मतदार यादीत नाव, बाकी काही नाही.

२०१८ साली मी अखेर अर्ज केला. अर्जाआधी त्याची सर्व तपासणी एकदा नीट करावी म्हणून त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. वर्षभर तो दिवेलागणीनंतर जिना उतरायला नकार देत होता, कपातला चहा सांडत होता, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. मी, डॉक्टर, त्याला हट्टी म्हणत होते. ज्याला आपली तक्रार शब्दांत मांडता येत नाही, त्याची तक्रार स्वभावदोष म्हणून खपून जाते. म्हणून प्रमाणपत्राचे राहू द्या बाजूला, पण आपल्या घरी असा प्रौढ माणूस असेल तर त्याचे डोळे, कान, दात, रक्तदाब, साखर आणि थायरॉइड वर्षातून एकदा तपासून घ्या. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी चुकवूच नका. अशा व्यक्तींत मोतीबिंदू आणि स्मृतिभ्रंशही इतरांपेक्षा कमी वयात येतात. अचानक चिडचिड वाढली, अंघोळीला नकार सुरू झाला, झोप बिघडली, तर आधी दुखणे शोधा. दाढदुखी आणि बद्धकोष्ठ या दोन गोष्टींनी मला आजवर किती 'वेडेपणा' दाखवले आहेत, त्याची मोजदाद नाही.

आता प्रमाणपत्राची रीत. अर्ज केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर भरायचा असतो. दुसऱ्यावर अवलंबून असल्याचा पुरावा जेथे मागायचा त्याला स्वावलंबन हे नाव कोणी दिले असेल, असे मनात येते, असो. छायाचित्र, आधार, पत्त्याचा पुरावा जोडून रुग्णालय निवडायचे, मग नेमलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात मंडळापुढे जायचे. मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. कार्डाला रंग असतात: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. प्राप्तिकराच्या वजावटीसाठी पिवळा किंवा निळा रंग लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी याखेरीज फॉर्म १०-आयए लागतो. त्यावर सही करण्याचा अधिकार शासकीय रुग्णालयाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाला वा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला, किंवा न्यूरॉलॉजीतील पदव्युत्तर तज्ज्ञाला आहे. प्रमाणपत्रावर मुदत घातलेली असेल तर ती तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा; मुदत संपली त्या वर्षानंतर नवे प्रमाणपत्र मिळेपर्यंत वजावट थांबते. विवरणपत्र भरताना आता दिव्यांगत्वाचा प्रकार, नाते, अवलंबून असलेल्या व्यक्तीचे आधार वा पॅन, यूडीआयडी क्रमांक असा तपशील विचारला जातो. म्हणजे त्या व्यक्तीची स्वतःची कागदपत्रे हवीत, आणि सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख एकसारखी हवी. अर्ध्या फेऱ्या याच एका कारणाने वाढतात.

कौटुंबिक डॉक्टर काय देऊ शकतो, हेही सांगते. आजाराचा इतिहास, फिट कधीपासून, कोणती औषधे, कोणत्या शस्त्रक्रिया, असा एक पानी सारांश मी आनंदाने लिहून देते. मंडळातील डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. प्रौढ व्यक्तीच्या बौद्धिक अक्षमतेत ती बालपणापासून आहे हे दाखवणारे काहीही जुने सोबत घ्या: विशेष शाळेचा दाखला, प्रगतिपुस्तक, बालरोगतज्ज्ञाची पिवळी पडलेली चिठ्ठी. त्या दिवशी फिटची गोळी चुकवू नका. घरून जेवण करून निघा, सोबत पाणी आणि चिवडा ठेवा, त्याच्या आवडीची एखादी वस्तू पिशवीत टाका. गर्दी पाहून तो बावरला तर मोजणीही बावरलेल्या माणसाची होईल. चश्मा, श्रवणयंत्र विसरू नका. आणि आपण कुठे चाललो आहोत हे त्याला आदल्या दिवशी सांगा. न कळवता नेले, की परतल्यावर आठवडाभर तो दाराबाहेर पाऊल टाकत नाही, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

बौद्धिक अक्षमतेत बुद्धिमापनाच्या चाचणीबरोबर व्यवहारातील कुवतही पाहतात, आणि ती घरच्या माणसाला प्रश्न विचारून. येथे घरचे लोक घसरतात. काही जण वाढवून सांगतात. त्याहून कितीतरी जास्त लोक झाकून सांगतात. मला मानसशास्त्रज्ञाने विचारले, "स्वतः अंघोळ करतो?" मी म्हणाले, "करतो." "पाणी कोण काढून देतं?" "मी." "कपडे?" "मी काढून ठेवते." "तुम्ही दोन दिवस घरी नसाल तर जेवेल का?" त्या प्रश्नावर मला उत्तर देता आले नाही. सात वर्षे 'कोणी नाही' म्हणणारी मी तेथे बसून होते, आणि शेजारी भाऊ मणी ओवत होता. बाहेर आल्यावर त्याने विचारले, "ताई, पास झालो?" मी म्हटले, "झालास." त्याला आम्ही वाटेत उसाचा रस पाजला.

त्याचे प्रमाण ७५ टक्के आले. सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के असे कोष्टक आहे. म्हणजे मध्यम गटातील माणूस ८० च्या रेषेखाली पाच टक्क्यांनी राहतो आणि वजावट ७५,००० च मिळते. काही कुटुंबे त्या पाच टक्क्यांसाठी पुन्हा अर्ज करायला निघतात. प्रकृती खरोखर खालावली असेल तर जरूर करा. एरवी त्या माणसाला पुन्हा त्या बाकावर बसवू नका.

आणखी एक गोष्ट, कारण ती विचारायला कोणी येतच नाही. दिव्यांग नातेवाईक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जन्मजात अक्षमता येते. पण पक्षाघाताने एक अंग लुळे पडलेली आई, काचबिंदूने दृष्टी गेलेले वडील, अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसलेला भाऊ, वर्षानुवर्षे स्किझोफ्रेनियाशी झुंजणारी बहीण, हेही ४० टक्के भरत असतील तर याच कलमात येतात. नुसते म्हातारपण येत नाही. आणि वडिलांना स्वतःचे पुरेसे निवृत्तिवेतन असेल तर ते मुख्यतः तुमच्यावर अवलंबून नाहीत. अशा वेळी त्यांनी स्वतःच्या विवरणपत्रात कलम ८० यू खाली तेवढीच वजावट घ्यावी. त्यांनी ती घेतली की तुम्हाला त्यांच्यासाठी ८० डीडी घेता येत नाही.

एवढे सगळे झाल्यावर हिशोबाची कडू गोळी. ही वजावट फक्त जुन्या कर प्रणालीत मिळते. नवी प्रणाली, जी आता न सांगता आपोआप लागू होते, तिच्यात ८० डीडी नाही आणि ८० यू ही नाही. काकांच्या मुलाचा पगार वर्षाला साडेअकरा लाख. जानेवारीत तो आला तेव्हा त्याने सवलतीची गणिते मांडली होती. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीतील बारा लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त झाले आणि त्याचा कर २०२५-२६ साठी शून्यावर आला. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, दीड लाखाची गुंतवणूक आणि बहिणीचे ७५,००० असे सारे धरूनही त्याला सुमारे ९१,००० रुपये भरावे लागले असते. ज्यांचे उत्पन्न याहून बरेच अधिक आहे आणि गृहकर्जाचे व्याज, घरभाडे अशा इतर वजावटीही मोठ्या आहेत, त्यांना जुनी प्रणाली अजून परवडू शकते. मी स्वतः तेथेच आहे. दोन्ही बाजूंनी आकडे मांडून पाहा. नोकरदारांना दर वर्षी निवड बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांना तशी मोकळीक नाही, त्यांनी सल्लागाराला विचारल्याशिवाय उडी मारू नये. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. आकड्याला न बिचकता 'दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट' असे विचारा.

मग काकांच्या मुलीचे प्रमाणपत्र काढायचेच कशाला? हा प्रश्न मुलानेच मला फेब्रुवारीत फोनवर विचारला. मी त्याला म्हटले, काकांना घेऊन ये.

काकांना मी त्यांच्याच खात्यातली गोष्ट सांगितली. शासकीय निवृत्तिवेतनधारक आणि त्याची पत्नी दोघेही गेल्यावर, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळण्याची तरतूद केंद्र आणि राज्य दोन्हींच्या नियमांत आहे. त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वडील हयात असताना कागद तयार असेल आणि कुटुंबाच्या तपशिलात मुलीचे नाव व दिव्यांगत्व नोंदवलेले असेल, तर पुढचे काम सुकर होते. नसेल तर भाऊ पुढे दोन-तीन वर्षे मृत्यूचे दाखले घेऊन फिरतो, आणि हे दिव्यांगत्व आधीपासून होते का, हा प्रश्न त्याला खिडकीवर विचारला जातो. काकांनी चष्मा काढून पुसला. तेहतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढल्या होत्या. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले समजत होते.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील त्याचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाहीत, मग त्या मुलाची समज चार वर्षांच्या बाळाएवढी का असेना. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, सर्वत्र हे आडवे येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार बाबतींत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. याच न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिलाही प्रमाणपत्र लागते.

विम्याचा विषय निघाला म्हणून सांगते. कलम ८० डीडी मध्ये खर्चाऐवजी आयुर्विमा महामंडळाच्या किंवा तत्सम मान्य योजनेत पैसे भरूनही वजावट घेता येते. त्यात पूर्वी अट अशी होती, की पैसे भरणारा पालक मरण पावल्यावरच दिव्यांग व्यक्तीला रक्कम मिळावी. वडील ऐंशी वर्षे जगले तर पन्नाशीच्या मुलाने काय करावे? एका दिव्यांग मुलीचे वडील हे गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने तरतूद रद्द केली नाही, पण शासनाने तिचा पुनर्विचार करावा असे सुचवले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अट सैल केली: पालक साठ वर्षांचा झाला आणि हप्ते भरणे थांबले, की त्याच्या हयातीतही रक्कम सुरू होऊ शकते.

काकांच्या मुलीचे प्रमाणपत्र दिवाळीच्या तोंडावर मिळाले. तीन फेऱ्या झाल्या. त्यातली एक आधारवरच्या चुकीच्या जन्मवर्षाने. चाचणीच्या दिवशी काका स्वतः गेले होते, आणि कुवतीचे प्रश्न विचारले तेव्हा त्यांनी मुलाला बाहेर पाठवून उत्तरे दिली. काय दिली ते मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

गेल्या आठवड्यात ते रक्तदाब दाखवायला आले. १३८ वर ८४. मुलगी सोबत होती. काकांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातले पिवळे कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"टॅक्स तर काही वाचला नाही, डॉक्टर."

"नाही वाचला."

"सोमवारी माझ्या जुन्या कार्यालयात जातोय. हिचं नाव चढवायला. तुमचं पत्र लागेल का?"

माझे पत्र तेथेही चालणार नाही, असे मी सांगितले. कार्डाच्या आणि प्रमाणपत्राच्या दोन-दोन छायाप्रती घ्या, साक्षांकित करून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नका. ते हसले. पोच घेण्याचे मी त्यांना शिकवत होते. तेवढ्यात मुलीने टेबलावरचे कार्ड उचलले, त्यावरचा स्वतःचा फोटो नीट पाहिला आणि आपल्या लाल पर्समध्ये ठेवून चेन लावली. काकांनी हात पुढे केला, तर म्हणाली, "माझं आहे." सोमवारी ते कार्यालयात तिलाही सोबत घेऊन गेले, असे मुलाकडून कळले, कार्ड ती द्यायलाच तयार नव्हती.